जुन्या नाटकातला विनोद कानाने वाचा : नव्या वाचकासाठी काही पायऱ्या

जुनं मराठी नाटक पहिल्यांदा हातात घेतलेला वाचक बहुतेक वेळा पहिल्या अंकातच थांबतो. वाक्यं लांब वाटतात, मधेच पदं येतात, आणि ‘यात हसण्यासारखं काय होतं?’ असा प्रश्न मनात राहतो. घरातली मोठी माणसं मात्र त्याच नाटकाचं नाव काढताच हसायला लागतात. पिढीप्रमाणे आवड बदलते हे खरं असलं, तरी मला मुख्य कारण वेगळं वाटतं. मोठ्यांनी ते नाटक ऐकलं होतं आणि आपण ते डोळ्यांनी वाचतो आहोत. देवल, गडकरी, अत्रे यांनी लिहिलेलं प्रत्येक वाक्य नटाच्या तोंडातून बाहेर पडून प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं होतं. त्या वाक्यातला विनोद आवाजात, श्वासात आणि थांबण्यात असतो. तो परत मिळवता येतो, आणि त्यासाठी मराठीची पदवी लागत नाही. थोडा वेळ, एक पेन्सिल आणि जमल्यास सोबत वाचणारं एक माणूस एवढं पुरतं.

पहिली पायरी : सुरुवात ‘संशयकल्लोळ’पासून करा

पहिलं नाटक कोणतं निवडलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. गडकऱ्यांचं नाव ऐकून लोक थेट ‘राजसंन्यास’ उघडतात आणि दमतात. गोविंद बल्लाळ देवलांपासून सुरुवात केलेली बरी. त्यांचं गद्य आजही घरातल्या बोलण्याच्या जवळचं आहे, आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ची गोष्ट इतकी घट्ट बांधलेली आहे की एखादा शब्द नाही कळला तरी काही अडत नाही.

या गोष्टीने लांबचा प्रवास केला आहे. फ्रान्समध्ये मोलिएरने १६६० मध्ये अशा संशयी नवऱ्याचं प्रहसन रंगवलं. आर्थर मर्फीने १७६१ मध्ये त्यावरून इंग्रजी नाटक केलं. देवलांनी ते १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात आणलं, आणि १९१६ मध्ये पदांसह ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलं. मराठी रूप वाचताना मात्र हे सगळं कुठून आलं याची आठवणही होत नाही. माणसं, वाडा, नोकरचाकर, भांडणाची पद्धत, सगळं इथलंच वाटतं.

गोष्ट थोडक्यात अशी. रस्त्यात रेवतीला भोवळ येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका ते खिडकीतून पाहते. ती खाली येते तोवर तिथे कोणी नसतं. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर तेवढी कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव येतो आणि त्याच्या डोक्यात संशय शिरतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ दिसल्यावर अश्विनशेठचं रेवतीवरून मन उडतं. एका तसबिरीने चार माणसांची झोप उडते, आणि खरं काय ते त्या चौघांपैकी एकालाही पुरतं माहीत नसतं.

दुसरी पायरी : पात्रांची यादी नीट वाचा

यादीवरून नजर फिरवून पुढे जाऊ नका. विनोदाची पहिली खूण बऱ्याचदा तिथेच असते. ‘संशयकल्लोळ’मध्ये पुरुषांना महिन्यांची नावं आहेत : फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. बायकांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, मघा. हे एकदा लक्षात आलं की नाटककार आपल्याला कोणत्या मूडमध्ये बसवतो आहे ते समजतं. ‘शारदा’त म्हाताऱ्या नवरदेवाचं नाव भुजंगनाथ आहे आणि पैशासाठी मुलगी द्यायला तयार झालेल्या बापाचं नाव कांचनभट. ‘मानापमान’मधल्या श्रीमंत भित्र्याला खाडिलकरांनी लक्ष्मीधर म्हटलं आहे आणि गरीब शूराला धैर्यधर. आजच्या लेखकाने इतकी उघड नावं ठेवली तर बाळबोध वाटेल. तेव्हाच्या प्रेक्षकाला मात्र पडदा वर जाण्याआधीच कुणाच्या बाजूने बसायचं हे कळायचं, आणि त्या ओळखीतूनच तो हसायला तयार व्हायचा.

एका कागदावर कोण कुणाचा कोण ते लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

तिसरी पायरी : मोठ्याने वाचा, आणि दोघांनी वाचा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

पहिल्यांदा एक प्रवेश मनात वाचून घ्या, फक्त काय घडतं ते समजण्यापुरता. मग तोच प्रवेश दोघांनी भूमिका वाटून मोठ्याने वाचा. अभिनय करू नका. साधं, बोलल्यासारखं वाचा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं उचलायचं की क्षणभर थांबायचं, हे दोन्ही प्रकारे करून पाहा. नाटकवाले ज्याला ‘वाक्य पडलं’ म्हणतात ते चुकीच्या जागी थांबल्यामुळे पडतं, आणि योग्य जागी थांबलं की तेच वाक्य हशा घेतं. संशयाने बोलणारी दोन माणसं सहसा एकमेकांना पुरं बोलू देत नाहीत. म्हणून फाल्गुनराव आणि कृत्तिका यांची भांडणं वेगात वाचली की खुलतात.

आता कंसांकडे लक्ष द्या. जुन्या छापील संहितेत ‘(स्वगत)’ आणि ‘(उघड)’ हे शब्द सारखे दिसतात. नवा वाचक ते ओलांडून जातो, आणि निम्मा विनोद तिथेच सांडतो. स्वगत म्हणजे पात्राने मनातलं प्रेक्षकांना सांगणं. समोरच्या पात्राला ते ऐकू येत नाही असं आपण धरून चालतो. वाचताना स्वगतासाठी मान बाजूला वळवा आणि आवाज खाली आणा. उघड बोलताना पुन्हा समोर पाहा. मनात एक आणि तोंडावर दुसरं, यातलं अंतर लगेच ऐकू येतं. संशयी माणसाची तर सगळी तडफड याच अंतरात असते. तोंडावर नोकराची गोड चौकशी चाललेली असते आणि मनात त्याच्या प्रत्येक उत्तराचा भलताच अर्थ लागत असतो. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला. आपण तो पाहिलेला नाही, तरी संहितेतल्या या कंसांवरून त्या भूमिकेत नटाला किती वाव आहे हे दिसतं.

चौथी पायरी : कोणाला काय माहीत आहे ते लिहा

दुसऱ्या पायरीतला कागद पुन्हा काढा. प्रत्येक पात्राच्या नावापुढे, या क्षणी त्याला काय माहीत आहे आणि तो काय समजून बसला आहे, ते लिहा. ‘संशयकल्लोळ’च्या पहिल्या अंकानंतर हा कागद असा काही भरतो की तो वाचूनच हसू येतं.

हीच युक्ती ‘सौभद्र’लाही लागू पडते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या या नाटकाकडे लोक फक्त पदांसाठी जातात, आणि त्यातला विनोद हातचा जातो. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. अर्जुन संन्याशाच्या वेषात आलेला आहे. बलराम त्या यतीच्या भक्तीत इतका बुडतो की सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो. कृष्णाला सगळं ठाऊक आहे आणि तो गप्प आहे. आता बलरामाची वाक्यं पुन्हा वाचा. त्यांत एकही विनोदी शब्द नाही. तो मनापासून, श्रद्धेने बोलतो आहे. हसू येतं ते आपल्याला आणि कृष्णाला जे माहीत आहे त्यामुळे. हा विनोद शब्दांत शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही. बलराम वाचणाऱ्याने तर अजिबात हसवायचा प्रयत्न करू नये. जितका तो भाबडा, तितकी मजा मोठी.

पाचवी पायरी : कोण कुणाला कसं हाक मारतो ते ऐका

मराठीत नुसत्या हाकेवरून माणसाचं स्थान कळतं. अरे, अहो, अगं, आपण, रावसाहेब, शास्त्रीबुवा यांतली निवड कधीच आपोआप झालेली नसते. जुन्या घरांत बायको नवऱ्याचं नाव तर घेत नसेच, पण ‘तुम्ही’ही टाळून ‘इकडून कधी येणं झालं?’, ‘इकडची स्वारी’ असं बोलत असे. आता कल्पना करा, बाई संतापली आहे, नवऱ्याला धारेवर धरायचं आहे, आणि तरी ती ‘इकडून’ सोडू शकत नाही. राग पुरता आहे आणि मानही पुरता आहे. अशा जागी वाचणाऱ्याने शब्दांतला मान जपावा आणि आवाजात रागाला वाट करून द्यावी.

हाकेसारखीच बोलण्याची जातकुळीही ऐका. संस्कृतप्रचुर बोलणारा शास्त्री, कचेरीतले फारसी शब्द पेरणारा कारकून, बाजारातला व्यापारी यांच्या भाषा एकमेकींवर आपटल्या की ठिणग्या उडतात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तलं आर्यमदिरामंडळ वाचा. दारूच्या पेल्याभोवती तऱ्हेतऱ्हेची माणसं जमतात आणि एखाद्या विद्वत्सभेच्या थाटात चर्चा करतात. विषय दारूचा आणि थाट सभेचा. हसू या बेरजेतून येतं.

पुढे पु. ल. देशपांड्यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) मध्ये काकाजी इंदुरी वळणाचं, हिंदीचा हात धरून चालणारं मराठी बोलतात आणि आचार्य निग्रहाची, उपदेशाची भाषा बोलतात. दोघांचा सगळा झगडा त्यांच्या वाक्यांच्या चालीत ऐकू येतो. काकाजींचं वाक्य सैल बसून पान लावणाऱ्या माणसाचं आहे. ते घाईत वाचलंत तर मेलं. पुलंच्याच ‘ती फुलराणी’त तर उच्चार हाच नाटकाचा विषय आहे. तिथे फुलं विकणाऱ्या मंजुळेचे ण आणि न जसे छापले आहेत तसेच म्हणा. सवयीने ‘शुद्ध’ करून वाचाल तर नाटकातलं नाट्यच निघून जाईल.

यातलाच एक जुना आणि माझा फार आवडता नमुना म्हणजे ‘मृच्छकटिक’मधला शकार. शूद्रकाच्या मूळ संस्कृत नाटकात हा राजाचा मेहुणा पुराणांचे दाखले फेकत बोलतो आणि प्रत्येक दाखला चुकतो. रावणाच्या हाती कुंती सापडली, अशी उपमा तो छाती फुगवून देतो. रामायण-महाभारत घरात ऐकून वाढलेल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. देवलांनी हे नाटकही मराठीत आणलं आहे. शकार वाचताना आवाजात जराही शंका येऊ देऊ नका. त्याचा आत्मविश्वास जेवढा भक्कम, तेवढी त्याची चूक मोठी दिसते.

सहावी पायरी : गडकरी, पण पेन्सिल घेऊन

आता राम गणेश गडकरी. इथे घाई करू नका.

गडकऱ्यांचं आयुष्य जेमतेम तेहतीस वर्षांचं, १८८५ ते १९१९. ‘बाळकराम’ या नावाने त्यांनी विनोदी लेख लिहिले आणि नाटकांत त्याच हाताने विनोद ओतला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानत. कोल्हटकरांनी कोटीबाज संवाद रंगभूमीवर आणला आणि गडकऱ्यांनी त्याला वेग आणि रक्त दिलं. त्यांचा विनोद तीन गोष्टींवर उभा असतो : शब्दांवरची कोटी, अतिशयोक्ती, आणि एकामागून एक रचलेल्या कल्पना. तिन्ही एकाच वाक्यात आल्या की नव्या वाचकाचा श्वास संपतो.

म्हणून असं करा. लांब वाक्य आलं की आधी शेवटचं क्रियापद शोधा आणि त्याखाली रेघ मारा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि गडकरी त्याचा पुरेपूर फायदा घेतात. सगळ्या कल्पना हवेत धरून ठेवतात आणि शेवटी एकदम खाली सोडतात. मग मधल्या प्रत्येक कल्पनेनंतर एक उभी रेघ मारा. आता वाचा : प्रत्येक रेघेला आवाज थोडा वर चढवायचा आणि शेवटच्या तुकड्याआधी अगदी क्षणभर थांबायचं. बऱ्याचदा आधीच्या कल्पना भव्य असतात आणि शेवटची एकदम घरगुती किंवा क्षुद्र. ती घसरण हाच हशा. जुने नट असं पल्लेदार वाक्य एका दमात म्हणत. आपण दोन-तीन दमांत म्हटलं तरी चालेल, पण दम कल्पनेच्या मधेच घेऊ नका.

कोटी असेल तिथे उलट करा. तो शब्द दाबून म्हणू नका. ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ स्वतः सापडले तर तो हसतो; आपण बोट दाखवलं की त्याची मजा जाते.

‘एकच प्याला’तलं तळीराम हे पात्र या सगळ्यासाठी उत्तम शाळा आहे. तो दारूची बाजू शास्त्रार्थ केल्यासारखी मांडतो. त्याचा युक्तिवाद पायरीपायरीने इतका सरळ चालतो की आपण मान डोलावतो, आणि मग आपण कशाला मान डोलावली ते लक्षात येतं. त्याच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य येऊन आपापल्या पद्धतीची भाषा एकमेकांवर फेकतात, तो प्रवेशही आवर्जून मोठ्याने वाचा. तिघांनी वाचला तर उत्तम.

पण ‘एकच प्याला’ फक्त या प्रवेशांपुरता वाचू नका. हसवणारे प्रवेश कुठे ठेवले आहेत ते पाहा. मंडळातल्या गमतीवर आपण हसत असतो, आणि त्याच प्याल्यापायी सिंधूचा संसार मोडत जातो, तिच्यावर दळण दळून पोट भरायची वेळ येते. तळीराम जितका हसवतो तितकं ते दुःख जड होतं, कारण तिच्या नवऱ्याला, सुधाकराला, याच माणसाचं बोलणं गोड वाटलं होतं आणि आपल्यालाही वाटलं होतं. पुढच्या काळात तळीरामाचे प्रवेश तेवढे सुटे काढून स्नेहसंमेलनांत केले गेले. करायला हरकत नाही, पण तसं पाहणाऱ्याला गडकऱ्यांचा अर्धाच विनोद भेटतो.

त्यानंतर ‘भावबंधन’मधला धुंडिराज आणि ‘प्रेमसंन्यास’मधला विसराळू गोकुळ. हे दोघं पुष्कळ सोपे आहेत. गडकरी अवघड वाटत असतील तर इथूनच आत शिरा.

सातवी पायरी : पदांवरून उडी मारू नका

पद आलं की पान उलटायची सवय अनेकांना असते. ‘शारदा’ (१८९९) मध्ये मुलींच्या तोंडी पद आहे : ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’. चालीवर म्हणून पाहा. पंचाहत्तर वर्षांच्या नवऱ्याची ही स्तुती आहे. तक्रारीचा एक शब्दही नाही. ‘तसा काही फार म्हातारा नाही हो’ असं लाडात सांगून पोरी त्या लग्नाची सालटी काढतात. पैशाच्या बदल्यात लहान मुली म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधल्या जात होत्या, त्या काळात हे पद भर नाट्यगृहात गायलं गेलं. त्या हसण्यात किती धार होती ते आजही कळतं. नाट्यपदांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. आधी शब्द वाचा, मग ऐका, मग प्रवेशात परत जाऊन ते पद कुणासमोर आणि कशासाठी आलं आहे ते बघा.

आठवी पायरी : कोश हाताशी, पण प्रवेश संपल्यावर

शब्द अडला की लगेच थांबू नका. प्रवेश पुरा करा, खुणा करत जा, मग कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. म्हणी आणि वाक्प्रचारांसाठी दाते-कर्वे जास्त कामाचे. कोशात न मिळालेला शब्द घरातल्या आजी-आजोबांना विचारा. पुष्कळदा अर्थाबरोबर तो शब्द ज्या सुरात म्हणायचा तो सूरही मिळतो, आणि नाटकाला तोच हवा असतो.

जे हसवत नाही त्याचं काय करायचं

जुन्या नाटकांत काही हशे असे आहेत की आज ते घशाखाली उतरत नाहीत : एखाद्याच्या व्यंगावर, रूपावर, जातीच्या बोलण्यावर, विधवेवर. तिथे ओढून ताणून हसू नका. लेखक मोठा म्हणून त्याची प्रत्येक थट्टा मोठी ठरत नाही. मात्र एक प्रश्न जरूर विचारा : ही थट्टा वरच्या माणसावर आहे की खालच्या माणसावर? ‘शारदा’तली थट्टा पैसेवाल्या म्हाताऱ्यावर आणि लोभी बापावर आहे, मुलीवर नाही. म्हणून ते नाटक अजून ताठ उभं आहे. आणि एकाच नाटककारात दोन्ही प्रकार सापडतील, हेही धरून चाला.

शेवटची पायरी : प्रयोग पाहा, आणि संहिता बरोबर ठेवा

वाचून झालं की पाहा. ‘संशयकल्लोळ’ प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी अलीकडच्या काळात पुन्हा रंगमंचावर आणलं; जुन्या नाटकांची चित्रीकरणंही यूट्यूबवर सापडतात. संगीत नाटकं पूर्वी रात्रभर चालत, पदांना ‘वन्स मोअर’ मिळत. आजचा प्रयोग तीन तासांच्या आत बसवतात, त्यामुळे संहितेला कात्री लागलेली असते. काय कापलं आणि नटाने काय वाढवलं हे तुमच्या प्रतीत टिपा. आणि ज्या वाक्याला तुम्ही एकटे वाचताना हसला नव्हता, पण नाट्यगृह हसलं, तिथे नटाने नेमकं काय केलं ते परत परत बघा : आवाज खाली आणला, उशिरा उत्तर दिलं, की नुसतं पाहिलं?

इथवर आलात की पुढची नाटकं स्वतः निवडता येतील. प्रसंगांचा धांगडधिंगा आवडत असेल तर अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) घ्या, ज्यात घरातल्या प्रत्येकाला आपलं एक खूळ आहे. बोलीचा रस घ्यायचा असेल तर गंगाराम गवाणकरांचं मालवणी ‘वस्त्रहरण’. गावातली मंडळी महाभारतातला प्रसंग बसवायला जातात आणि जे होतं ते मच्छिंद्र कांबळींच्या कंपनीने हजारो प्रयोगांत दाखवलं. मालवणी येत नसेल तर हे नाटक आधी ऐका आणि मग वाचा. बाकी सगळ्यांसाठी सांगितलेला क्रम इथे उलटा करा. आणि सोबत सिंधुदुर्गातलं कोणी असेल तर वाचायला पहिली पाळी त्याला द्या.